उसने घ्यावे, पण कशासाठी?

'तुमचे ते व्हिडिओ गेम म्हणजे कादंबऱ्या-चित्रपटांच्या उष्ट्या पत्रावळी!' परवा एका व्यासंगी गृहस्थांनी मला ऐकवले. मी विचारले, 'आपण एखादा खेळलात काय?' ते नाही म्हणाले. वाद तेथेच संपायचा. पण असे व्यासंगी पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहितो.

उसनवारी दोन प्रकारची असते. पहिली दिवाणखान्यातल्या तसबिरीसारखी. खेळातल्या भिंतीवर गाजलेल्या चित्रपटाची जाहिरात, पात्राच्या तोंडी ओळखीचे वाक्य. ओळखणाऱ्याने गालात हसावे, एवढेच. तसबीर काढली तरी खेळाचे काही अडत नाही. तिचा मलाही वीट आला आहे.

दुसरी उसनवारी खेळाचा नियमच घडवते. २००७ सालचा 'बायोशॉक' घ्या. आयन रँडच्या 'ॲटलस श्रग्ड' (१९५७) या कादंबरीत कर्तबगार माणसे समाजाकडे पाठ फिरवून एका दरीत आपले जग वसवतात. बायोशॉकने ते जग समुद्रतळाशी नेले. संस्थापकाचे नावही अँड्र्यू रायन! इथवर तसबीरच. पण या रायनची सारी मिजास माणसाच्या स्वतंत्र इच्छेवर. आणि खेळणारा मात्र वाटाड्या अदबीने सांगेल ते मुकाट्याने करीत आलेला. त्या अदबीच्या शब्दांतच हुकमाची कळ होती, हे रायनसमोर उभे राहिल्यावर उमगते. रायनला मारताना तर सूत्रे खेळणाऱ्याच्या हातातून काढूनच घेतली जातात. रँडशी घातलेला हा वाद आपल्या बोटांना कळतो. कादंबरीला ते साधले नसते. पुढेही खेळ हुकूमच सोडीत राहतो, हा त्याचा दोष मी झाकणार नाही.

२०१२ सालच्या 'स्पेक ऑप्स: द लाइन'ने कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' वाळूत गाडलेल्या दुबईत आणली. तिथे पांढऱ्या फॉस्फरसचा मारा केल्यावाचून पुढे जाता येत नाही; आणि मग आपणच जाळलेल्या निरपराध माणसांमधून चालावे लागते. कॉनरॅडचा वाचक तीरावर बसून पाहतो. येथे खेळणाऱ्याचे हात बरबटतात.

आमचे गृहस्थ मोरोपंतांचे भक्त आहेत. पंतांनी महाभारत आर्यांत आणले, त्याला ते उष्टे म्हणत नाहीत. मग उद्या आपल्यातला एखादा तरुण महाभारतातल्या द्यूतावर खेळ रचू लागला, तर 'कुठून घेतलेस?' म्हणून त्याला हिणवू नका. 'घेतल्याने खेळणाऱ्याला काय करावे लागते?' एवढे विचारा. उत्तर नुसत्या तसबिरीचे आले, तर मीही तुमच्याबरोबर नाक मुरडीन.