‘दाम’ नेमका कुणाचा?

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी कांस्यमूर्ती आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली, रोमन व्यापारातून इथवर आलेली. सहलीची पोरे तिच्यापुढून भराभर निघून जातात. पण यवनांशी झालेल्या देवघेवीत केवळ मूर्ती आल्या नाहीत, शब्दही आले.

ग्रीक ‘द्राख्मे’ या नाण्याचा संस्कृतात ‘द्रम्म’ झाला. शिलाहारांच्या लेखांत तो भेटतो आणि मराठीत ‘दाम’ होऊन खिशात येतो. कंपासचे टोक जिथे रुतते ते ‘केंत्रॉन’, म्हणजे आपले ‘केंद्र’. ज्योतिषातली ‘होरा’ आणि इंग्रजांचा ‘अवर’ ही तर एकाच ग्रीक आईची लेकरे!

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. शब्दापुढे एखाद्या अक्षराने त्याचे मूळ सांगायचे, संस्कृत, फारसी, अरबी, ही त्याची रीत. ती मधल्याच मुक्कामी थांबते. संस्कृतातून आलेला ग्रीक शब्द मग संस्कृतच ठरतो. शिकागो विद्यापीठाने हा कोश संगणकावर आणला, आणि घरोघरी पडद्यावर दिसते तेच प्रमाण मानले जाऊ लागले.

मग दुरुस्ती करावी का? जरूर करावी, पण मूळ मजकूर खोडून नव्हे. १८५७ साली काय ठाऊक होते, याचा तो पुरावा आहे. दुरुस्ती शेजारी यावी. कुणी, कधी, कशाच्या आधारे केली, त्यासह. कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश १९४६ पासून हाताशी आहेच. आणि शंका असेल तिथे शंकाच नोंदवावी. ‘सुरुंग’ ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असे पुष्कळजण मानतात, सगळे नव्हे.