देवघेवीच्या खिडकीतला माणूस

सायंकाळच्या वेळी कोणत्याही सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागाशी थोडा वेळ उभे राहिले, की एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘काही चांगले वाचायला आहे का?’ प्रश्न साधा आहे. पण त्या वाचनालयाची खरी परीक्षा त्याच्या उत्तरात होते. ‘कपाटात पाहा’ किंवा ‘नवे काही आलेले नाही’ असे म्हणून वाचकाची बोळवण झाली, तर दहा हजार पुस्तकांच्या मधोमध तो रिकाम्या हाताने परततो. उलट खिडकीपलीकडच्या माणसाने ‘मागचे कोणते आवडले?’ एवढे जरी विचारले, तरी वाचनाला नवी वाट फुटते.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे त्यांतील दोन. पुस्तक आणि वाचक यांची गाठ आपोआप पडत नाही, ती कोणीतरी घालून द्यावी लागते, हा त्यांचा आशय होय. रंगनाथन यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, ‘ग्रंथपाल दिन’ म्हणून दरवर्षी साजरा होतो, तसबिरीला हार पडतो. परंतु ही गाठ घालून देण्याचे काम मात्र ग्रंथालयांच्या व्यवहारातून हळूहळू बाजूला पडत चालले आहे.

‘स्वामी’ वाचून पेशवाईच्या इतिहासाने भारावलेल्या विद्यार्थ्याला त्याच धर्तीची आणखी एक कादंबरी देणे सोपे असते. पण जाणता ग्रंथपाल त्याच्या हाती विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ठेवील. झाशीवर इंग्रजांनी हल्ला केला तेव्हा प्रत्यक्ष त्या शहरात असलेल्या वरसईच्या भिक्षुकाचे ते कथन वाचताना इतिहास आणि ललित यांतील अंतर विद्यार्थ्याच्या आपसूक ध्यानी येईल. ‘बनगरवाडी’ आवडलेल्या वाचकाला तो दया पवारांचे ‘बलुतं’ सुचवील. वेशीच्या आतून दिसणारे गाव आणि वेशीबाहेरून दिसणारे गाव यांत केवढा फरक असतो, हे त्यावाचून कळत नाही. आवडीच्या पुस्तकाकडून आवश्यक पुस्तकाकडे नेणारी ही वाट परतलेली पुस्तके रोज हाताळणाऱ्या आणि स्वतः वाचणाऱ्या माणसालाच ठाऊक असते.

हल्ली मोबाइलच्या पडद्यावरही शिफारशी मिळतात. त्या झटपट मिळतात आणि कित्येकदा उपयोगीही ठरतात. तथापि, जे आधी घेतले त्यासारखेच आणखी काही पुढे करणे आणि जे खपते ते अधिक खपवणे, हाच त्यांचा मुख्य रोख असतो. ग्रंथपालाला पुस्तक विकायचे नसते. म्हणूनच वीस वर्षे कपाटात पडून असलेले पुस्तकही तो निःसंकोच काढून देऊ शकतो.

ग्रंथपालाने लोकांची अभिरुची ठरवावी काय, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. शिफारस म्हणजे उपदेश नव्हे आणि सक्ती तर मुळीच नव्हे. रहस्यकथा मागणाऱ्याला संतचरित्र देणे हा आगाऊपणा होय. त्याला आधी उत्तम रहस्यकथाच मिळाली पाहिजे. पण या भयाने मौन पत्करणेही योग्य नाही. जेथे कपाटे बंद असतात आणि वाचकाला चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तक मागवावे लागते, तेथे तर कर्मचाऱ्याचे मौन म्हणजे वाचकाच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टीच.

दोष मात्र एकट्या कर्मचाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय निघाले, तेव्हापासूनची परंपरा महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्याने १९६७ मध्ये केला. परंतु अनुदानावर चालणाऱ्या बहुसंख्य ग्रंथालयांतील सेवकाला आजही तुटपुंज्या मानधनावर दिवस काढावे लागतात. लहान गावी कुलूप उघडणारा, केर काढणारा, दाखल नोंदवही भरणारा आणि वर्गणी गोळा करणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याने नवे पुस्तक वाचावे तरी केव्हा? शिवाय ग्रंथखरेदीच्या वेळी त्याला विचारले जातेच असे नाही. वर्षअखेरीस अनुदान खर्ची घालण्याच्या घाईत जे गठ्ठे येतात, त्यांची शिफारस त्याने कोणत्या तोंडाने करावी?

करण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. ग्रंथनिवडीत देवघेव सांभाळणाऱ्याचा शब्द मानला जावा. त्याला वाचनासाठी कामाच्या वेळेतच थोडी सवड मिळावी. फलकावर नव्या पुस्तकांच्या यादीशेजारी ‘हे वाचून पाहा’ म्हणून एका जुन्या पुस्तकाचे नाव आणि त्याविषयी चार ओळी लिहाव्यात. त्याला खडूखेरीज खर्च नाही. वेतनाचा प्रश्न मात्र खडूने सुटणार नाही. तो शासनालाच सोडवावा लागेल. इमारती आणि कपाटे यांवरील खर्च डोळ्यांत भरतो, माणसावरचा भरत नाही. पण वाचक पुन्हा येतो तो कपाटासाठी नव्हे. मागच्या खेपेला कोणीतरी योग्य पुस्तक हाती दिले होते, म्हणून येतो.