शस्त्रक्रिया एका दिवसाची, जोखीम त्या रात्रीची

हिंगणघाट : सकाळी रुग्णालयात दाखल व्हायचे, दुपारपर्यंत गळ्यातील थायरॉइड ग्रंथी काढून घ्यायची आणि दिवेलागणीला घरी परतायचे. काही दशकांपूर्वी अशक्य वाटणारी ही गोष्ट आता प्रत्यक्षात येऊ शकते. मोतीबिंदू आणि हर्नियापाठोपाठ थायरॉइडची शस्त्रक्रियाही ‘डे केअर’च्या यादीत जाऊन बसली आहे. मात्र शस्त्रक्रियेला एक दिवस पुरतो म्हणून रुग्णही त्याच दिवशी सुरक्षित होतो, असे नाही. रुग्ण त्या रात्री कोठे झोपणार, यावर बरेच काही अवलंबून असते. हिंगणघाटसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून पाहिले, तर हा तपशील सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

हिंगणघाटच्या रुग्णाला अशा शस्त्रक्रियेसाठी साधारणतः सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय किंवा थेट नागपूर गाठावे लागते. सेवाग्राम आणि सावंगी ही दोन्ही ठिकाणे सुमारे ४० किलोमीटरवर आहेत, तर नागपूर ७५ किलोमीटरच्या आसपास. दिवसा हे अंतर फारसे जाणवत नाही. एसटी आहे, रेल्वे आहे, रुंद महामार्ग आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री दोन वाजता गळा सुजू लागला, तर याच अंतराचा हिशेब किलोमीटरऐवजी मिनिटांत करावा लागतो.

धोका नेमका कशाचा?

थायरॉइडची शस्त्रक्रिया आज अत्यंत सुरक्षित मानली जाते. एकोणिसाव्या शतकात ती इतकी घातक होती, की अनेक शल्यचिकित्सक तिच्या वाटेला जात नसत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर यांनी तिचे तंत्र विकसित करून मृत्यूचे प्रमाण विलक्षण खाली आणले. थायरॉइडविषयीच्या कार्याबद्दल त्यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या शतकभरात भूलशास्त्र, रक्तवाहिन्या बंद करण्याची साधने आणि स्वरयंत्राच्या मज्जातंतूची काळजी घेण्याच्या पद्धती सुधारत गेल्या. रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठविण्याच्या प्रयोगाचे अहवाल अमेरिकेत १९८० च्या दशकात प्रसिद्ध होऊ लागले.

तरीही एक धोका पूर्णपणे टळलेला नाही. शस्त्रक्रियेनंतर शंभरात साधारण एक-दोन रुग्णांच्या गळ्यात आतून रक्तस्राव होऊन रक्त साचते. वाहून जाणारे रक्त फार नसते; प्राणावर बेतते ते गुदमरण्यामुळे. गळ्यातील जागा अपुरी असल्याने साचलेल्या रक्ताचा दाब वाढतो, स्वरयंत्राला आतून सूज येते आणि श्वासमार्ग अरुंद होत जातो. अशा वेळी जागच्या जागी टाके उघडून दाब मोकळा करावा लागतो आणि त्यानंतर रुग्णाला शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. यातील बहुतांश घटना पहिल्या सहा तासांत घडतात. मात्र काही त्यानंतर, २४ तासांच्या आत आणि क्वचित त्याहून उशिराही घडतात. ‘एकदिवसीय’ शस्त्रक्रियेवरील वादाचे मूळ या उशिरा घडणाऱ्या घटनांमध्ये आहे.

तज्ज्ञांतही याबाबत एकमत नाही. ब्रिटनमधील अंतःस्रावी ग्रंथींच्या शल्यचिकित्सकांनी २०१२ मध्ये त्याच दिवशी सुटी देण्याच्या सुरक्षिततेवर प्रश्नचिन्ह उभे केले आणि एक रात्र रुग्णालयात ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१३ मध्ये निराळी भूमिका घेतली. निवडक रुग्णांना त्याच दिवशी घरी पाठविता येईल, मात्र ती निवड काटेकोर असावी, असे या संघटनेने म्हटले. हृदय वा श्वसनाचे गंभीर विकार, रक्त पातळ करणारी औषधे, फार मोठा किंवा छातीत उतरलेला गलगंड ही सावधगिरीची वैद्यकीय कारणे झाली. त्यांच्या जोडीला काही सामाजिक कारणेही त्या यादीत आहेत. रुग्णाचे घर सुसज्ज रुग्णालयापासून फार दूर असणे, घरी सोबतीला कोणी नसणे आणि दिलेल्या सूचना रुग्णाला नीट न उमगणे ही ती कारणे. अमेरिकेच्या या कसोटीवर हिंगणघाटचे अनेक रुग्ण केवळ पत्त्यामुळेच बाद ठरतील.

तिसरा दिवस आणि पुढचे आयुष्य

पहिली रात्र निर्विघ्न पार पडली म्हणजे सारे संपले, असे नव्हे. ग्रंथीला खेटून तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटु ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे नियमन त्या करतात. संपूर्ण थायरॉइड काढताना त्यांना धक्का पोहोचला, तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कॅल्शियम घसरते. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातापायांत वांब येतात. वेळीच कॅल्शियम न मिळाल्यास झटकेही येऊ शकतात. बहुतेकांचा हा त्रास तात्पुरता असतो आणि गोळ्यांनी आटोक्यात येतो. पण एका दिवसात सुटी मिळालेला रुग्ण तोवर घरी पोहोचलेला असतो. अशक्तपणा म्हणून या मुंग्यांकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. अर्धीच ग्रंथी काढलेल्या रुग्णांत ही भीती जवळपास नसते. म्हणूनच त्याच दिवशी घरी जाण्यास ते अधिक योग्य मानले जातात.

आवाज काही दिवस घोगरा राहणे, गिळताना दुखणे, मान आखडणे ही सामान्य लक्षणे आहेत. आवाजाचा बिघाड कायमचा राहण्याचे प्रमाण अनुभवी हातांत शंभरात एकाच्या आसपास असते. दोन आठवडे जड उचलू नये, हा सल्लाही सर्वत्र दिला जातो. या कापूसपट्ट्यात मात्र तो फोड करून सांगायला हवा. थायरॉइडचे विकार स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतात आणि कापूस वेचणीचे काम प्रामुख्याने स्त्रियाच करतात. वेचलेल्या कापसाचे गाठोडे डोक्यावर घेणे हे मानेवरचे ओझेच आहे, हे ‘हलके काम करा’ एवढ्या वाक्यातून पोहोचत नाही. वेचणीच्या हंगामात रोजी बुडण्याच्या चिंतेने बाई आठव्या दिवशी शेतात जाणार असेल, तर तिला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

संपूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम वा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी घ्यावी, अन्यथा ती नीट शोषली जात नाही. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत रक्ततपासणी करून मात्रा ठरविली जाते. ही गोळी उष्णतेने निकामी होऊ शकते. पारा ४५ अंशांना भिडणाऱ्या विदर्भाच्या उन्हाळ्यात ती पत्र्याच्या घरात, खिडकीत ठेवली जाणार असेल, तर हा तपशील गौण राहत नाही.

खर्चाचे गणित

एकदिवसीय शस्त्रक्रियेचे आकर्षण खोटे नाही. रुग्णालयातील मुक्काम टळतो, खाटा मोकळ्या राहतात, संसर्गाची शक्यता घटते, नातेवाइकांची रोजी वाचते. विम्याच्या नियमांत ‘डे केअर’ उपचारांना २४ तासांच्या मुक्कामाची अट लागू होत नाही. मात्र त्यासाठी रुग्ण रीतसर दाखल झालेला असावा लागतो. निव्वळ बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या उपचाराचा दावा फेटाळला जाऊ शकतो, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घेणे शहाणपणाचे.

पण एका रात्रीच्या खाटेची बचत करताना ती रात्र कोणाच्या अंगावर टाकली जाते, याचाही हिशेब मांडायला हवा. रुग्णालयात जे काम प्रशिक्षित परिचारिका करते, ते घरी पती, मुलगी किंवा सून करणार. सूज वाढते आहे का, श्वासाला आवाज येतो आहे का, हे त्यांनी ओळखायचे आणि मग गाडी शोधायची. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचविले आहेत. परंतु रुग्णवाहिका कितीही वेगाने आली, तरी ४० वा ७५ किलोमीटरचे अंतर तिलाही कापावेच लागते.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चिकही नाहीत. पहिला म्हणजे, दूरच्या रुग्णाला सरसकट एक रात्र, म्हणजे सुमारे २३ तास, निरीक्षणाखाली ठेवणे. खाटांची चणचण असेल तर रुग्णालयाच्या आवारातील धर्मशाळेत किंवा त्याच शहरात नातेवाइकांकडे मुक्काम हा मधला मार्ग आहे. दुसरा, तालुक्याची आरोग्य यंत्रणा सज्ज करणे. ब्रिटनमधील तज्ज्ञ संघटनांनी २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गुदमरणाऱ्या रुग्णाचे टाके खाटेवरच उघडण्याचे प्रशिक्षण वॉर्डातील कर्मचाऱ्यांना असायला हवे. हिंगणघाटच्या उपजिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांना हे कौशल्य आणि आपल्या भागात आज अशी शस्त्रक्रिया कोणाची झाली याची पूर्वसूचना, एवढे मिळाले तरी पहिली मोलाची मिनिटे वाचतील. कॅल्शियमची तपासणीही तिसऱ्या दिवशी गावातच होऊ शकेल. तिसरा उपाय म्हणजे सुटी देताना सोप्या मराठीत लिहिलेले, धोक्याची लक्षणे आणि दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड.

राज्य सरकारने २०२३ मध्ये वर्धा जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर केले. ते हिंगणघाटलाच व्हावे, यासाठी येथील नागरिकांनी आंदोलनही केले. त्या मागणीमागे प्रतिष्ठेइतकीच अंतराची जाणीव होती. उपचार जवळ असणे म्हणजे केवळ इमारत जवळ असणे नव्हे. अडचणीच्या रात्री जाणकार हात जवळ असणे होय. तोवर शस्त्रक्रियेला निघालेल्या प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना ‘सुटी कधी मिळेल?’ याआधी ‘रात्री काही झाले तर कोठे जायचे आणि तेथे पोहोचायला किती मिनिटे लागतील?’ असे विचारावे. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर एक रात्र रुग्णालयातच काढणे केव्हाही स्वस्त पडते.