बी. ए. झालेल्या पोरीला कोण विचारतो?

वाचकहो, 'पोरगी मराठी-इतिहास घेऊन बी. ए. झाली, आता त्या कागदाचं करायचं काय?' हा प्रश्न तुमच्याही ओसरीवर निघाला असेल. शिक्षकाची जागा नाहीतर स्पर्धा परीक्षा, एवढ्याच वाटा आपल्याला ठाऊक. आज तिसरी सांगतो.

ठिबकची गाळणी कशी साफ करायची, हे सोबतच्या पुस्तिकेत कुणीतरी लिहिलेलं असतं. अशा लिहिणाऱ्याला टेक्निकल रायटर म्हणतात. यंत्र असो की संगणकाचा प्रोग्रॅम, पुस्तिका लागतेच. पुण्या-बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत या कामाला पगारी माणसं असतात. त्यांत कला शाखेची माणसंही आहेत.

इंजिनिअरच का लिहीत नाही, असं तुम्ही म्हणाल. लिहितो की! पण त्याला सगळं पाठ असतं, म्हणून सांगायचं राहून जातं. तो लिहितो, 'झाकण उघडा.' आधी मोटार बंद करून पाण्याचा दाब उतरू द्यावा, हे त्याला सांगण्यासारखं वाटत नाही. नवखा गडी चालू मोटारीवर झाकण फिरवतो आणि ते तोंडावर उडतं. ज्याला माहीत नसतं, तोच 'आधी काय करू?' असं विचारतो. तुमच्या लेकीचं भांडवल तेच आहे.

विमानांच्या देखभाल-पुस्तिकांसाठी तर १९८६ साली सोप्या इंग्रजीचे नियमच निघाले. कृती सांगणारं वाक्य २० शब्दांपेक्षा मोठं नको, असा त्यातला एक नियम.

तेव्हा लेकीला सांगा, गाळणी साफ करण्याची रीत दहा ओळींत लिही. कागद कधी गाळणी न उघडलेल्या माणसाच्या हाती दे. जवळ उभी राहा, पण तोंडानं काही सांगू नकोस. धोका दिसला तरच थांबव. तो जिथे अडेल, तिथे लिखाण चुकलं, माणूस नव्हे. असे तीन नमुने आधी मराठीत, मग इंग्रजीत, संगणकावर नीट मांडून ठेवावेत. नोकरी मागताना पदवीइतकेच तेही उपयोगी पडतात.

इंग्रजीला मात्र सुटका नाही. पहिली नोकरी मिळायला वेळही लागेल. आता संगणकही मसुदा लिहून देतो. पण गाळणी उघडून लिहिलेलं खरं की खोटं, हे माणसालाच पाहावं लागतं.

गूगलचे या विषयाचे धडे इंग्रजीत फुकट मिळतात. हजारो रुपयांचा क्लास लावण्याआधी ते वाचावेत, आणि त्याहीआधी ही एक गाळणी लिहून पाहावी.