वाम कोणत्या रकान्यात?

या महिन्याच्या टपालात डिझेल परताव्याखालोखाल तक्रारी आल्या आहेत त्या वामीच्या. बंदरावरच्या आवक-नोंदीत ती कधी 'वाम', कधी 'ईल', बहुतेकदा 'इतर'. निर्यातीच्या कागदांवर मात्र शास्त्रीय नाव हवे! मासा उतरवताना जे लिहून घेतलेच नाही, ते पॅकिंगच्या टेबलावर कुठून पैदा करायचे?

वरच्या पातळीवरही आनंदच आहे. जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणाच्या सहा आकडी यादीत ईलला स्वतंत्र जागा आहे, पण ती फक्त अँग्विला प्रजातीला, म्हणजे नदीत वाढणाऱ्या ईलला. खाडीच्या मुखापासून शंभरेक मीटर खोलीपर्यंतच्या चिखलट तळावर राहणारी आपली वाम 'इतर मासे'. आणि बोत, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी? 0305.72 : माशांची डोकी, शेपट्या आणि बोत. पडदा न फाटता कण्यापासून सुटला का, रक्ताची रेघ पुरती खरवडली का, हे उजेडात धरून पाहिल्याशिवाय व्यापारी ज्याचा भाव बोलत नाही, तो माल सरकारदरबारी शेपट्यांच्या पंगतीला. मग एकूण बोतात घोळीचे किती आणि वामीचे किती, हे कोण सांगणार?

पण सगळे खापर साहेबांच्या माथी फोडूनही भागणार नाही. सगळी वाम एकाच टोपलीत ओतणारे आपणच. टाळूवरच्या मधल्या रांगेतले दात पाहायला कितीसा वेळ लागतो? सुईसारखे सरळ असतील तर काँग्रेसॉक्स. चपटे आणि बुडाशी पुढेमागे फाटे असतील तर म्युरेनेसॉक्स. (बोट घालण्याआधी मासा मेलाय ना, एवढे बघा.) काँग्रेसॉक्सची मोठी वाम अडीच मीटरपर्यंत वाढते, तिची हातभर पिल्ले ट्रॉलमधून थेट कुटीला, म्हणजे मासळीच्या भुकटीला, जातात, तीही आपल्याच हाताने. 2023 मध्ये राज्याने 54 जातींचे किमान आकार ठरवले, ते जातीनिहाय. जिची जातच वहीत नाही, तिच्या पिल्लांना कोणता आकार लावणार?

तोंडी गाऱ्हाणी पुष्कळ झाली. प्रत्येक सोसायटीने आवक-वहीत आजच दोन रकाने आखावेत, जात आणि लांबी; खांद्याची (गळांच्या लांब दोरीवरची) वाम आणि जाळ्याची वाम वेगळी लिहावी. महिनाअखेर त्या पानांचे फोटो आमच्याकडे पाठवा. पुढच्या बैठकीला ते घेऊनच जाऊ.