कुंडीतल्या रोपाला दहा वर्षे

मुंबईतल्या भोईवाड्यात पोलीस ठाणे आहे आणि दंडाधिकारी न्यायालयही आहे. खिशात गांजाची पुडी सापडलेल्या माणसाचा खटला अशा न्यायालयात चालतो आणि पुष्कळदा दंड भरून मिटतो. पण याच भागातल्या एखाद्या चाळीच्या गॅलरीत, तुळशीच्या शेजारी, पत्र्याच्या डब्यात कोणी गांजाचे एक रोप लावले, तर त्याचा खटला दंडाधिकाऱ्यांपुढे चालूच शकत नाही. तो जातो फोर्टला, सत्र न्यायालयातल्या अमली पदार्थविरोधी विशेष न्यायालयापुढे. कारण १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २० नुसार गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रोप किती, उंची किती, त्याला फुलोरा आला होता की नाही, याने या कमाल शिक्षेत काही फरक पडत नाही. घरी गांजा लावायचा तर मातीत लावावा की हायड्रोपोनिक्सने, नुसत्या खतपाण्यावर, अशी चर्चा आता शहरातल्या तरुणांत उघडपणे होऊ लागली आहे. आजच्या कायद्यात तिचे उत्तर एका ओळीत संपते: दोन्ही गुन्हे, आणि दोन्ही सारखेच. या सारखेपणातच कायद्याची मोठी चूक आहे, असे माझे मत आहे. कुंडी आणि बंद खोली यांत फरक न करणारा कायदा लोकांना कुंडीपासून परावृत्त करत नाही. तो त्यांना बंद खोलीकडे ढकलतो.

आधी कायद्याचे गणित नीट पाहू. गांजा बाळगणे, विकणे, विकत घेणे किंवा त्याची ने-आण करणे या सगळ्याची शिक्षा वजनावर ठरते. ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ आणि वीस किलोंहून जास्त असेल तर ‘व्यापारी प्रमाण’. अल्प प्रमाणाला कमाल एक वर्ष सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या सेवनाला कमाल सहा महिने. व्यसनी माणूस आपणहून उपचार घ्यायला तयार असेल, तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षणही देते. यातली एकही पायरी लागवडीला नाही. म्हणजे नऊशे ग्रॅम सुका गांजा घेऊन कॉलेजच्या दारात विकणाऱ्याला जास्तीत जास्त एक वर्ष, आणि स्वतःसाठी एक रोप लावणाऱ्याला जास्तीत जास्त दहा. पहिला माणूस दुसऱ्यांच्या मुलांना गिऱ्हाईक करतो, दुसरा कोणालाच नाही. बरे, याच कायद्याच्या व्याख्येत फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया गांजात धरलेल्याच नाहीत. म्हणून तर उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. पानांना मोकळीक आणि ती पाने देणाऱ्या रोपाला मात्र दहा वर्षे, ही रचना विचार करून केलेली वाटत नाही. मोठी शेते डोळ्यांपुढे ठेवून केलेली तरतूद कुंडीलाही तशीच लागू झाली, हेच तिचे सरळ स्पष्टीकरण दिसते.

शिक्षा सारखीच असेल तर माणूस काय निवडेल? जे कोणाला दिसत नाही ते. हे अमेरिकेत होऊन गेले आहे. कॅलिफोर्नियात १९८३ पासून हेलिकॉप्टरने डोंगरातली गांजाची शेते शोधून उपटण्याची मोहीम सुरू झाली. लागवड थांबली नाही. तिचा मोठा भाग तळघरांत आणि गोदामांत, दिव्यांखाली गेला. मग १९८९ मध्ये केंद्रीय यंत्रणांनी हायड्रोपोनिक्सचे साहित्य विकणाऱ्या दुकानांवर छापे घातले. तोवर बंद खोलीतल्या लागवडीचे तंत्र पक्के झाले होते, आणि पुढे ते जगभर गेले. आपल्याकडे त्याची खूण विमानतळावर दिसते. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत सीमाशुल्क विभागाला गेली काही वर्षे जो माल वारंवार सापडतो, त्याला बातम्यांत ‘हायड्रोपोनिक गांजा’ म्हणतात, आणि त्याची किंमत साध्या गांजाच्या कितीतरी पट लावली जाते. परळ-दादरच्या बदलत्या घरांचाही इथे विचार करायला हवा. चाळीच्या सामाईक गॅलरीत काही लपत नाही. कोणाच्या डब्यात कढीपत्ता आहे आणि कोणाच्या डब्यात ओवा, हे सगळ्या मजल्याला ठाऊक असते. टॉवरमधल्या फ्लॅटची एक खोली मात्र बंद केली की बंद. काळ्या कापडाच्या तंबूत जांभळट दिवे, वास शोषणारा कोळशाचा फिल्टर आणि दिवसरात्र घरघरणारा पंखा: गुपित राखायची ही सामग्री आहे, आणि तिची गरज झाडापेक्षा कायद्याने जास्त निर्माण केली आहे.

या बंद खोलीचे दुष्परिणाम तिच्या भिंतींच्या आत राहत नाहीत. सूर्याचे काम विजेवर करायचे म्हणजे वीज प्रचंड लागते. अमेरिकेतली घरातली आणि गोदामांतली गांजाची लागवड त्या देशाच्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का खाते, असा अंदाज २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. २०२१ च्या एका अभ्यासात दिव्यांखाली वाढवलेल्या एक किलो सुक्या गांजामागे, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन निघाले. जिथे वीज मुख्यतः कोळशावर होते आणि जुन्या इमारतींतल्या वायरिंगवर आधीच एसी आणि गीझरचा भार आहे, तिथे हा प्रकार शेजाऱ्यांच्या जिवाशीही खेळ ठरतो. दुसरा परिणाम नशेच्या तीव्रतेचा. पाण्यावर वाढले म्हणून रोप आपोआप जहाल होत नाही. तीव्रता मुख्यतः वाणावर ठरते. पण एवढा खर्च आणि धोका पत्करून कोणी सौम्य वाण लावत नाही. थोड्या जागेत, थोड्या वजनात जास्तीत जास्त नशा हाच लपवाछपवीच्या धंद्याचा हिशेब असतो. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातले टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य १९९५ मध्ये सरासरी चार टक्के होते, ते २०१४ मध्ये बारा टक्क्यांच्या आसपास पोचले. युरोपातल्या शहरांत आणि ब्राझीलमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलेल्या अभ्यासाने दहा टक्क्यांपासून वरच्या टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका, कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दाखवला. याचा अर्थ माती म्हणजे पवित्र आणि निर्धोक, असा नाही. हे झाड जमिनीतले जड धातू शोषून घेते. त्याच गुणासाठी १९९८ मध्ये चेर्नोबिलच्या परिसरात त्याच जातीतले औद्योगिक हेम्प लावून पाहिले गेले. गिरण्या आणि कारखान्यांच्या जुन्या जमिनीची माती कुंडीत भरली तर तिच्यातले शिसे झाडात येऊ शकते. तरीही दोन्हींच्या धोक्याची जात वेगळी आहे आणि कायद्याला ती दिसायला हवी.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. गांजाला जसे ‘अल्प प्रमाण’ आहे तसे रोपांनाही असावे. दोन किंवा तीन रोपे, उघड्यावर, सज्ञान माणसाने स्वतःपुरती लावलेली, विक्रीचा कसलाही पुरावा नाही, अशा प्रकरणात रोपे जप्त करून नष्ट करावीत, दंड करावा आणि उपचारांची वाट खुली ठेवावी. खटला दंडाधिकाऱ्यांपुढे चालावा. बंद खोली, दिवे, वास दाबणारी यंत्रणा हे सापडले तर ती सवलत नको. तो धंद्याचा प्राथमिक पुरावा मानावा आणि तसे नाही हे दाखवण्याची संधी आरोपीला द्यावी. ही गांजा खुला करण्याची मागणी नाही, आणि शेतातल्या लागवडीचा प्रश्नही तिच्यात येत नाही. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये दोन एकरांत गांजा लावायला जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगी मागितली होती. शेतमालाला भाव नाही ही त्याची व्यथा खरी होती, पण तिचे उत्तर बाजारभावात शोधायला हवे. शिरपूर तालुक्यात कापसात, तुरीत लपवून लावलेला गांजा पोलीस उपटतात, तो व्यापार आहे आणि त्याला व्यापाराचीच शिक्षा असावी.

यावर पहिला आक्षेप पालकांचा, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो: थोडी जरी ढील दिली तरी पोरे वाया जातील. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेल्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख निघाली. त्यात बेकायदा गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख होते. हे सगळे दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद दीड दशकाहून जास्त काळ जागेवर असताना. या लोकांनी घरी रोप लावले नाही, विक्रेता गाठला. आणि तोच विक्रेता उद्या त्यांच्यासमोर एमडी (मेफेड्रोन) ठेवतो. पालकांना ज्या माणसाची भीती वाटायला हवी, त्याचा धंदा आजच्या कायद्याच्या उतरंडीने सांभाळला आहे.

दुसरा आक्षेप पोलिसांच्या बाजूचा: तीन रोपांच्या नावाखाली घरोघरी मळे होतील, मोजायचे कोणी? हा आक्षेप पोकळ नाही. कॅनडाने २०१८ मध्ये घरटी चार रोपांना मुभा दिली, तरी क्वेबेक प्रांताने आपल्याकडे ती नाकारली, आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये क्वेबेकचा तो अधिकार मान्य केला. थायलंडने २०२२ मध्ये घाईने गांजा मोकळा केला आणि तीनच वर्षांत डॉक्टरी चिठ्ठीची अट घालून पाऊल मागे घेतले. मी त्यातून हाच धडा घेतो की मुभा आणि सौम्य शिक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत. मी दुसरी मागतो आहे. उरुग्वेत सहा आणि जर्मनीत एप्रिल २०२४ पासून तीन रोपे कायदेशीर आहेत. आपल्याला तिथवर जायची गरज नाही. गॅलरीतली तीन रोपे मोजायला कोणते कौशल्यही लागत नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज आयोगाने १८९३-९४ मध्ये ११९३ साक्षीदार तपासून संपूर्ण बंदी नको असे सांगितले, पण विनापरवाना लागवडीला मोकळीकही नको म्हटले. बंदी आणि मोकळीक यांच्या मध्ये जागा असते, हे या देशात तेव्हाही मान्य होते.

तिसरा आक्षेप वकील मंडळी घेतात: दहा वर्षे ही कमाल मर्यादा आहे, एका रोपासाठी कोणता न्यायाधीश ती देईल? खरे आहे. व्यापारी प्रमाणाला लागणारी जामिनाची कलम ३७ ची कठोर अटही इथे लागू होत नाही. पण शिक्षा शेवटी होते, प्रक्रिया पहिल्या दिवसापासून सुरू होते. अटक, कोठडी, सत्र न्यायालयातला वकील, वर्षानुवर्षे तारखा, नोकरीच्या पडताळणीत निघणारा गुन्हा. कमाल शिक्षा जितकी मोठी, तितकी प्रकरण ‘मिटवण्याची’ किंमतही मोठी, हे मुंबईत कोणाला समजावून सांगायला नको.

राहिला रुग्णांचा प्रश्न. केमोथेरपीच्या उलट्यांवर कृत्रिमरीत्या बनवलेले टीएचसी अमेरिकेत १९८५ पासून औषध म्हणून मान्य आहे, त्यामुळे टाटा रुग्णालयाच्या अवतीभवती, हताश झालेल्या घरांत, घरच्या रोपाचा विचार येणे समजण्यासारखे आहे. पण घरच्या रोपात किती टीएचसी आहे हे कोणी सांगू शकत नाही, आणि मात्रा ठाऊक नसलेले औषध दुबळ्या शरीराला देणे धोक्याचे. रुग्णाला मोजलेले औषध, डॉक्टरांच्या हातून मिळायला हवे. माती की पाणी या वादात त्याला ओढू नये. हे याच कायद्यात बसवता येते. १९८५ नंतर परवान्यांच्या जाचामुळे मॉर्फिन इतके दुर्मीळ झाले होते की कॅन्सरचे रुग्ण वेदनेने तळमळत मरत. वेदनाशमनाचे काम करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये संसदेने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा नवा वर्ग करून ती गाठ सोडवली. त्याच दुरुस्तीत अल्प प्रमाणाची शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्षावर गेली, म्हणजे शिक्षेच्या पायऱ्याही संसदेने तेव्हा हाताळल्या. लागवडीचे कलम तेवढे राहून गेले. त्यात रोपांच्या संख्येची एक पायरी घालायला कलम २० मध्ये एक उपकलम पुरे, आणि ते मांडण्याचा अधिकार मुंबईतून निवडून गेलेल्या प्रत्येक खासदाराला आहे.