बसून जेवावें कीं उभ्यानें खावें?

प्रवासास निघालेल्या कुटुंबांत तंटा व्हावयाचा तो बहुधा जेवणावरून होतो, असा आमचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. काशीयात्रा असो, पंढरपूर असो वा शाळेची सहल असो, भुकेची वेळ टळली कीं भल्याभल्या शांतिब्रह्मांचे सूर चढतात. हा अनुभव अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांतहि खोटा ठरला नाहीं, हें या महिन्यांत सांगावयाचें आहे. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत असे आमचे पुष्कळ वाचक आज ना उद्यां नातवंडांचें बोट धरून त्याच वाटेनें जाणार. त्यांस या हकीकतीचा कांहीं उपयोग व्हावा.

गेल्या वर्षीं जून महिन्यांत आम्ही ऑर्लंडो शहराजवळील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पाहण्यास गेलों. आम्ही उभयतां, चौऱ्याहत्तर वर्षांचे आमचे ज्येष्ठ बंधु, चिरंजीव, सूनबाई, त्यांचीं दोन मुलें आणि आमची कन्या, अशीं एकूण आठ माणसें. सुमारें चाळीस चौरस मैलांचा हा पसारा. त्यांत मॅजिक किंगडम (१९७१), एप्कॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंगडम (१९९८) अशीं चार निरनिराळीं उद्यानें. ज्याच्या नांवानें हें सर्व चालतें तो वॉल्ट १९६६ च्या डिसेंबरांतच वारला होता. त्याचा वडील भाऊ रॉय यानें आपली निवृत्ति पुढें ढकलून धाकट्याचें काम तडीस नेलें, स्थळाला भावाचें पूर्ण नांव दिलें, १ ऑक्टोबर १९७१ रोजीं दारें उघडलीं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तोहि निवर्तला. ही गोष्ट आमच्या बंधूंना सांगितली तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. असो.

तेथें पोटाची सोय दोन प्रकारची आहे. एका प्रकारांत भोजनगृहांत टेबल राखून ठेवावयाचें, ठरल्या वेळीं जावयाचें, आणि वाढणारा येऊन विचारील त्याप्रमाणें स्वस्थ बसून जेवावयाचें. दुसऱ्यांत मोबाइलवर पदार्थ निवडावयाचे, पैसे भरावयाचे, पोंचण्याची वेळ सांगावयाची, आणि दाराशीं जाऊन 'आम्ही आलों' असें कळविलें कीं कांहीं मिनिटांनीं खिडकीवरून ताटली उचलावयाची. पुढें बसावयास जागा मिळेल तेथें बसावें. पहिल्या प्रकारास आमच्या घड्याळाप्रमाणें तास-सव्वा तास लागला, दुसऱ्यास अर्धा तास.

आतां चिरंजीव संगणकाच्या धंद्यांतला. निघण्यापूर्वींच त्याचा हिशेब तयार होता. "बाबा, येथें मिनिटाला पैसे पडतात. जेवायला सव्वा तास घालविला तर दोन खेळ बुडाले असें समजा," असें तो म्हणाला. आमचें मत उलट पडलें. सहा हजार कोसांवरून माणसें एकत्र यावयाचीं तीं काय ताटल्या हातांत घेऊन कट्ट्यावर बसण्यासाठीं? सर्वांनीं एका पंगतीस बसावें, वडिलांनीं पहिला घांस घ्यावा, मग मुलांनीं, असा आमचा आग्रह. बोलतां बोलतां आमचाहि आवाज चढला, हें कबूल केलें पाहिजे. अखेर पहिला दिवस चिरंजीवाच्या मतें व दुसरा आमच्या मतें काढावा असा तह झाला.

या तहांत एका माणसाचा विचार कोणींच केला नाहीं. आमच्या सौ.ना अकरा वर्षें मधुमेह आहे, आणि अलीकडे दोन वर्षें जेवणापूर्वीं इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. घरीं साडेबाराला सुई व पाऊणच्या आंत पान, हा शिरस्ता इतका अंगवळणीं पडलेला कीं त्याची चर्चा अशी कधीं होतच नाहीं. पहिल्या दिवशीं साडेबारा वाजतांच तिनें नेहमींप्रमाणें पिशवींतून सामान काढून सुई घेतली. चिरंजीवानें मागणी नोंदविली होती ती सव्वाची. शिवाय नातू ज्या रांगेत उभा होता ती संपल्यावर जावयाचें होतें. आम्हीं सुई घेतांना तिला पाहिलें होतें. आमच्या मनगटावर घड्याळहि होतें. तरी आम्ही बंधूंशीं सकाळच्या वादाचीच उजळणी करीत बसलों.

एक वाजून दहा मिनिटांनीं बांकावर बसलेली ती एकाएकीं घामाघूम झाली. उन्हाचा घाम आम्ही समजलों. मग हात कांपूं लागले, आणि समोर उभ्या असलेल्या नातीला ती आमच्या कन्येच्या नांवानें हांक मारूं लागली. नात हंसली; सूनबाई मात्र हंसली नाहीं. तिनें नातीच्या हातांतील फळाच्या रसाचा डबा ओढून घेतला आणि सासूच्या ओठांना लावला. सुमारें पंधरा ग्रॅम साखर पोटांत घालावी, पंधरा मिनिटें थांबून रक्त पुन्हा तपासावें, उणें असेल तर पुन्हा द्यावी, हा डॉक्टरांचा नियम तिला तोंडपाठ होता. आम्हांला तो माहीत असूनहि त्या क्षणीं आठवला नाहीं. पंधरा मिनिटांनीं यंत्रांतील आंकडा वर आला, आणि सौ.नीं पहिला प्रश्न विचारला तो "मुलें जेवलीं का?" हा.

रात्रीं खोलींत सभा भरली. चिरंजीव खालीं मान घालून बसला होता. दोष त्याचा नव्हता, आमचा होता, आणि तसें आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें. उन्हांत चार-पांच मैल चालल्यानें साखर आधींच उतरते, उष्णतेनें इन्सुलिनहि अंगांत लवकर भिनतें. त्यांत जेवणास उशीर झाला कीं काय होणार हें वेगळें सांगावयास नको. तेव्हां एक ठराव झाला कीं अन्न डोळ्यांसमोर आल्यावांचून सुई टोंचावयाची नाहीं. (ही मुभा प्रत्येक औषधास असतेच असें नाहीं, आपल्या वैद्यास विचारून निघावें.) औषध थंड ठेवण्याचीहि सोय आहे, प्रत्येक उद्यानांत प्रथमोपचाराची खोली असून तेथें तें ठेवून घेतात.

या ठरावाच्या उजेडांत आमचा मूळ वाद पाहूं गेलों तों दोन्ही पक्ष लंगडे निघाले. बसून जेवण्याच्या जागीं मागणी दिल्यावर ताट केव्हां येईल याची खात्री नाहीं. उलट खिडकीवरची ताटली हातांत आली म्हणजे आली. आम्ही ज्यास घाईचें खाणें म्हणून हिणवीत होतों तें रोग्याच्या दृष्टीनें अधिक भरंवशाचें ठरलें. मात्र बसून जेवण्याच्याहि तीन जाती आहेत. एकींत ज्यानें त्यानें आपापलें ताट मागवावयाचें. दुसरींत सर्व पदार्थ मोठ्या भांड्यांतून मध्यें आणून ठेवतात व संपले कीं पुन्हा आणतात. हें आपल्या आग्रहाच्या पंगतीचेंच भावंड. तिसरींत मांडून ठेवलेल्या पदार्थांतून हवें तें आपण वाढून घ्यावयाचें. तेथें टेबलाशीं बसल्यापासून पांच मिनिटांत घांस तोंडांत जातो. सौ.ना दुसरी व तिसरी जात सोयीची. एप्कॉटमध्यें गार्डन ग्रिल नांवाचें दुसऱ्या जातीचें भोजनगृह आहे. तें बसल्या जागीं हळूहळू वर्तुळाकार फिरतें, आणि त्याच इमारतींतील कांचगृहांत पिकविलेली भाजी पानांत येते. शाकाहारी असल्याचें मात्र टेबल राखतांना व बसल्यावर, असें दोनदां सांगावें. ठराविक दराच्या अशा गृहांत तीन ते नऊ वर्षांच्या मुलांस कमी आकार, व दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा. आमच्या नातवास मे महिन्यांत दहा पुरीं झालीं होतीं आणि खाणें चिमणीएवढें. चिरंजीव क्षणभर घुटमळला. तोंच नातवानें छाती पुढें काढून आपलें वय स्वतःच सांगून टाकलें. पैसे गेले, पण आम्हांला बरें वाटलें.

पैशांचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी नोंदवितों. मंडळींत सहा किंवा अधिक माणसें असलीं तर शेंकडा १८ प्रमाणें बक्षिशी बिलांतच धरलेली असते. ती न पाहतां चिरंजीव आणखी देऊं लागला होता, तेव्हां बिल शेवटच्या ओळीपर्यंत वाचावें. दुसरी गोष्ट, उतरण्याच्या खोलीबरोबरच जेवणाचे पैसे आगाऊ भरण्याची एक योजना आहे. २०२० सालीं ती बंद पडली होती. २०२४ च्या जानेवारींत पुन्हा सुरू झाली तेव्हां मोठ्या माणसास दर रात्रीमागें खिडकीवरच्या जेवणांची योजना सुमारें ५७ डॉलरांस व एक बैठें जेवण धरून सुमारें ९४ डॉलरांस पडत होती. आम्हीं ती घेतली नाहीं. मांसाहारी, दांडग्या भुकेच्या तरुणांस ती परवडेल. पण भाजी-भाताचे पैसे मोजणाऱ्या म्हाताऱ्यांनीं ती घेतली तर भरलेले पैसे वसूल करण्यासाठीं भुकेपलीकडे खाणें होतें, आणि मधुमेही घरांत त्याहून वाईट सल्लागार नाहीं.

मग पुढले चार दिवस आम्ही मिश्र रीतीनें काढले. दुपारीं बारा ते दीड या वेळांत सर्व जग भुकेलेलें असतें, म्हणून आम्ही अकरालाच जेवूं लागलों. सकाळीं आठलाच मागणी नोंदवून ठेवावी, वेळ मागाहून पुढें-मागें करतां येते. पदार्थांच्या यादींत हिरव्या पानाची खूण दिसली तर त्यांत मांस, अंडें, दूध, मध कांहींहि नाहीं असें समजावें. दूध-दह्याचे पदार्थ चालणाऱ्या आपल्यासारख्यांनीं खूण नसलेलेहि वाचून पाहावे. ॲनिमल किंगडममधील सातूली कँटीन येथें भात वा बटाट्यांवर तिखट तळलेला टोफू घालून देतात. तो बंधूंना इतका आवडला कीं त्यांनीं दुसऱ्या दिवशीं पुन्हा विचारला. साधें थंड पाणी शीतपेयें विकणाऱ्या अशा खिडकीवर फुकट मिळतें. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊं नयेत.

तिसऱ्या प्रहरीं फ्लॉरिडांत बहुधा गडगडाटासह पाऊस येतो. बैठें जेवण राखावयाचें तर तें त्या सुमारास राखावें. बाहेरचे खेळ तेव्हां बंदच असतात, त्यामुळें चिरंजीवाच्या हिशेबांतहि कांहीं बुडत नाहीं. सना नांवाच्या भोजनगृहांत आम्ही असेच गेलों. तें उद्यानाबाहेर एका वसतिगृहांत आहे, बसनें जावें लागतें. खिडकीबाहेर माळावर जिराफ व झेब्रे चरत होते. तेथें हिंदुस्थानी धर्तीच्या पांच प्रकारच्या रोट्या आणि त्यांबरोबर नऊ वाट्या येतात: काकडीची कोशिंबीर, आंब्याची, चिंचेची व कोथिंबिरीची चटणी, लसणाचें लोणचें, टोमॅटो-खजुराचा मुरंबा इत्यादि. पानाची डावी बाजू एवढी भरलेली आणि उजवी बाजू अशी मोकळी, हें दृश्य पाहून सौ. म्हणाली, "वाढणारी बाई भाजी आणायला गेली ती परत आलीच नाहीं वाटतें." पण पहिली रोटी टेबलावर आल्यावरच तिनें पिशवी उघडली, आणि ती उघडलेली पाहून मुलांसकट आठहि माणसें आपोआप गप्प झालीं. मग बंधूंनीं पहिला घांस घेतला.

आणि तिसरा प्रकार राहिलाच; तो आपला जुना. बाहेरचें अन्न उद्यानांत नेण्यास मनाई नाहीं. फक्त कांचेचीं भांडीं व सुटा बर्फ नको. सौ.नीं न्यू जर्सींतील सूनबाईच्या स्वयंपाकघरांत निघण्याच्या आदल्या रात्रीं दुधांत भिजविलेल्या चाळीस दशम्या केल्या होत्या, तेव्हां चिरंजीव हंसला होता. लोणचें बरणींतून काढून प्लास्टिकच्या डबींत भरावें लागलें इतकेंच. पहिल्या दिवसानंतर सूनबाईच्या पाठीवरच्या पिशवींत दोन दशम्या व रसाचे दोन डबे नेमानें असत, आणि ते कोणी मागितले तरी ती देत नसे.

शेवटच्या रात्रीं वाड्याजवळच्या एका भोजनगृहांत आठ जणांचें टेबल साठ दिवस आधीं राखलेलें होतें, आमच्याच हट्टासाठीं. साडेसातची वेळ. पांचच्या सुमारास खोलीवर पाहतों तों नात बूट न काढतां झोंपलेली, बंधु पाय चेपून घेत असलेले, आणि सौ. उरलेल्या दशम्या मोजीत बसलेली. अकरा होत्या. चिरंजीव मोबाइल हातांत घेऊन आमच्याकडे पाहत उभा राहिला; तोंडानें कांहीं बोलला नाहीं. आम्ही गेलों त्या वेळचा नियम असा होता कीं दोन तास आधीं न कळवितां गैरहजर राहिल्यास माणशीं दहा डॉलर दंड. आम्हीं घड्याळ पाहिलें. "रद्द कर, आणि खालून दहीं मिळतें का पाहा," असें त्यास सांगितलें. साडेपांचला चार मिनिटें कमी होतीं.